वाचकांचे प्रश्न : हॉन्की-टॉन्क पियानो

गेल्या अंकात पाश्चात्त्य वाद्यांवरच्या पानात एक छोटं टिपण होतं. अमेरिकेच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागातल्या स्वस्त गुत्त्यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पियानोवादनाची एक ढंगदार रीत रुळली, आणि तिथले पियानो कधीच धड सुरात नसल्यामुळे वादकांनी सुरावटीपेक्षा ठेक्यावर भिस्त ठेवली, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर गोव्याच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून प्रश्न आले. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : सासष्टीत आम्ही एक जुनं घर घेतलं, त्याच्या सालात (दिवाणखान्यात) उभा पियानो तसाच मिळाला. बरीच वर्षं कुणी सुरात लावलेला नाही. तो आहे तसाच वाजवला तर हॉन्की-टॉन्क होणार नाही का? (वाचक, मडगाव)

नाही होणार. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की उत्तर जरा सविस्तर देतो.

पियानोच्या आत अगदी खालच्या खर्जाला एका पट्टीमागे एकच जाड तार असते, त्याच्या वरच्या भागात दोन, आणि मधल्या व वरच्या सप्तकांत प्रत्येकी तीन. म्हणून पट्ट्या 88 असल्या तरी तारा सव्वादोनशेच्या आसपास भरतात. एका पट्टीच्या तिन्ही तारा नेमक्या एका सुरात असल्या की आवाज एकजीव येतो. त्यांतली एक किंचित चढवली, की दोन जवळच्या सुरांच्या भांडणातून हेलकावे घेणारी लहर उठते. हॉन्की-टॉन्कचा आवाज म्हणजे ही लहर. पण सा आणि वरचा सा, सा आणि प ही नाती त्यात शाबूत असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पियानोत नेमकी तीच तुटलेली असतात. एक सप्तक एका बाजूला उतरलेलं, दुसरं दुसरीकडे, चार पट्ट्या मुक्या. त्यावर कितीही ठेक्यात वाजवा, ऐकणारा दोन मिनिटांत उठून जाईल.

तेव्हा आधी पियानो सरळ सुरात लावून घ्या. त्याआधी फोनवरच्या ट्यूनर ॲपने मधल्या सप्तकातला ए हा सूर मोजा. तो 440 हर्ट्झ हवा. समजा 425 निघाला, तर पियानो सुमारे 60 सेंट उतरला आहे (अर्ध्या स्वराचे 100 सेंट). गंजलेल्या तारा एवढ्या एका दमात चढवल्या तर तुटतात. एकूण ताण कित्येक टनांत मोजला जातो हे विसरू नका. अशा वेळी जाणता ट्यूनर सगळा पियानो आधी ढोबळ चढवतो, काही दिवस बसू देतो आणि मग बारीक लावतो. तारा फारच जीर्ण असतील तर ए 415.3 वर, म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली लावणं शहाणपणाचं. गिटारवाला सोबत असेल तर त्याने किंवा तुम्ही अर्ध्या स्वराचा हिशेब धरून वाजवायचं, इतकंच. खुंट्या सैल असतील, म्हणजे लावल्यावर दोन दिवसांत सूर घसरत असेल, तर पुढचं काही करू नका. ज्या लाकडात खुंट्या ठोकलेल्या असतात ते लाकूड आधी पाहून घ्यावं लागेल.

सरळ सुरात लागल्यावर पुढचं काम तुम्ही स्वतः करू शकता. चांदणीच्या तोंडाची ट्यूनिंगची चावी, रबराच्या दोन-तीन पाचरी आणि ॲप एवढं सामान पुरतं. नियम एकच: तीन तारांपैकी डावी आणि मधली यांना हात लावायचा नाही, फक्त उजवी हलवायची. दोन तारा मूळ सुरावर घट्ट राहिल्या की सूर स्पष्ट कळतो आणि तिसरी त्याला लहर देते. डावी खाली आणि उजवी वर अशी दोन्हीकडून ताणणारे लोक आहेत. त्यात आवाज जास्त दाट होतो, पण प्रत्येक पट्टीत एकाच वेळी वेगवेगळ्या गतीच्या लहरी मिसळतात आणि नवख्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

डावी आणि मधली तार पाचरीने दाबून मुकी करा, उजवी एकटी वाजवा, ॲपवर बघत चढवा. किती? मधल्या सी (पियानोच्या मध्याजवळची पांढरी एक) पासून वर एक सप्तक 10 सेंट, त्यावरचं सप्तक 8, आणखी वर 5. मधल्या सीच्या खालच्या सप्तकात 8 चालतील. त्याखाली जिथे दोन तारा आहेत तिथे काही करू नये. सगळीकडे सारखेच सेंट का नाहीत? कारण लहरीचा वेग सेंटवर नाही, हर्ट्झमधल्या फरकावर ठरतो. 440 च्या ए ला 10 सेंट म्हणजे सेकंदाला अडीच लहरी, गोड डुलणाऱ्या. एक सप्तक वर तेच 10 सेंट सेकंदाला पाच लहरी देतात, आणखी वर दहा, आणि तिथे डुलणं संपून किरकिर सुरू होते. खालच्या तारांना फरक ठेवला तर खर्जाचा पाया गढूळ होतो, आणि या वादनात डावा हात पाया नाही धरू शकला तर उरलं काय?

दोन सावधगिऱ्या. 10 सेंट म्हणजे खुंटी फिरली हे डोळ्यांना जाणवतही नाही इतकी हालचाल, म्हणून चावी घट्ट बसवून मनगटाने जेमतेम रेटायची. खुंटी वाकवून सूर चढला असं वाटतं, हात काढला की परत उतरतो. लावून झाल्यावर पट्टी तीन-चारदा जोरात वाजवून सूर टिकतो का पाहा. आणि तार गंजलेली असेल तर आधी अगदी थोडी उतरवा, मग चढवा. गंजाने धरलेली जागा सुटते आणि तार तुटण्याचा धोका कमी होतो. बहुतेक पियानोंत एकच तार खालच्या आकड्याला वळसा घालून दोन तारांचं काम करते, म्हणून एक तुटली की दोन जातात, कधीकधी शेजारच्या पट्टीचीसुद्धा.

प्रश्न : हातोड्यांना टाचण्या टोचल्या की तो खणखणीत आवाज येतो असं व्हिडिओत पाहिलं. करून पाहू का? (विद्यार्थी, पणजी)

कृपा करून नको. रुंद डोक्याच्या पितळी टाचण्या तारेवर आघात करणाऱ्या हातोडीच्या नमद्यात (फेल्टमध्ये) टोचायची युक्ती जुनी आहे आणि आवाज येतोही. पण नमदा दाबून घट्ट गुंडाळलेला असतो. त्यात भोक पडलं की तो सुटायला लागतो, टाचणी ढिली होते आणि एक दिवस वाजवता वाजवता यंत्रणेत पडून कुठल्या तरी पट्टीला अडकवते. धातू थेट तारेवर आपटल्याने तारेवर खाचा पडतात. शिवाय हातोडीचं वजन वाढल्याने पट्टीचा हलकेपणा जातो. टाचण्या काढल्या तरी हातोडी पूर्ववत होत नाही.

आवाज कडक करायचा दुसरा मार्ग म्हणजे नमद्याला लॅकरचं पातळ द्रावण पाजणं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पियानोवादक ग्लॅडिस मिल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा 1905 सालचा उभा स्टाइनवे आहे, त्याच्या हातोड्या अशाच कडक केलेल्या. पण हेही परत फिरवता येत नाही, आणि घरच्या पियानोवर प्रयोग म्हणून करू नये.

परत काढता येतो तो उपाय झालरीचा. पुष्कळ उभ्या पियानोंत मधलं पेडल दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याचा पडदा उतरतो, रात्री हळू वाजवण्यासाठी. तो नमदा काढून ठेवायचा आणि त्या दांडीला पातळ चामड्याची झालर लावायची. मधल्या सी पासून वरच्या टोकापर्यंत ती साधारण 70 सेंटीमीटर भरते, पण मध्ये लोखंडी चौकटीच्या आडव्या येणाऱ्या पट्ट्या असतात तिथे अंतर सोडावं लागतं, म्हणून आपल्या पियानोवर कागद धरूनच माप घ्या. प्रत्येक हातोडीपुरती एक जीभ कापायची. हातोड्यांमधलं अंतर सुमारे 14 मिलिमीटर असतं, तेव्हा जीभ 10 ते 11 रुंद ठेवा, शेजारणीला घासायला नको. जिभेच्या टोकाला, बरोबर जिथे हातोडी तारेवर बसते त्या उंचीवर, चपटं पितळी रिव्हेट. पेडल दाबलं की खणखणाट, सोडलं की साधा पियानो.

बिघडतं ते जाडीत. पट्टी हळू दाबत गेलात तर हातोडी तारेपासून सुमारे 3 मिलिमीटरवर यंत्रणेतून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने कापते. चामडं आणि रिव्हेट मिळून 3 मिलिमीटरच्या वर गेले, तर हातोडी सुटायच्या आधीच तारेला भिडून दाबून राहते आणि सूर गुदमरतो. एकूण 2 मिलिमीटरमध्ये बसवा. झालर लांब पडली तर जिभा हातोड्यांच्या खाली अडकतात, आणि पेडल सोडल्यावरही धातू तारेला टेकत असेल तर अखंड झणझण येते. दोन्ही वेळा झालर 2-3 मिलिमीटर वर सरकवून पाहा.

प्रश्न : मी नाट्यपदांना पेटीची साथ करतो. उजवा हात तयार आहे, पण डावा जन्मभर भात्यावर. या शैलीतला डावा हात कसा बसवायचा? (पेटीवादक, फोंडा)

तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडला, कारण अडचण नेमकी ओळखली आहे. डावा हातच इथे तबला आणि डग्गा.

सी म्हणजे पांढरी एक हा सा धरू. चार मात्रांत डाव्या हाताने असं चालायचं: पहिलीला खर्जातला सा एकटा करंगळीने, दुसरीला मधल्या सीच्या आसपास ग-प-सा एकत्र, तिसरीला खर्जातला प, चौथीला पुन्हा तोच ग-प-सा. म्हणजे एक उडी खाली, एक उडी वर, प्रत्येक मात्रेला. मेट्रोनोम (मात्रांचा ठोका देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवा आणि पहिले काही दिवस उजव्या हाताला काम देऊ नका. आधी पाहून वाजवा, मग डोळे समोर ठेवून. उडी चुकते ती बहुधा हात उशिरा निघाल्यामुळे. खर्जाचा सूर वाजताक्षणी हात वरच्या जागेवर जाऊन पट्ट्यांवर टेकून थांबला पाहिजे आणि मात्रा आली की फक्त दाबायचं. ही सवय 60 ला लागली तर 100 ला आपोआप टिकते, नाही लागली तर वेग वाढवून उपयोग नाही.

मग डाव्या हाताचे सूरसमूह (कॉर्ड) बदला: सी, एफ, सी, जी अशी चार आवर्तनं. त्यानंतर सी, ए, डी, जी आणि परत सी असा वळसा. यात ए, डी आणि जी यांना कोमल सातवा सूर जोडून घ्या, म्हणजे एकेक पायरी पुढच्याकडे ओढत नेते. एवढ्यावर या शैलीतली अर्धीअधिक गाणी चालतात.

पेटीची दोन वळणं मात्र मोडावी लागतील. पेटीवर बोट ठेवलं की सूर टिकतो, म्हणून तुम्ही बोटं सरकवत सूर जोडता. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो. त्याला धरून ठेवायचं तर पुन्हा पुन्हा आघात हवा, आणि म्हणूनच उजव्या हातात सा आणि वरचा सा यांच्यात मनगट हलवत केलेला थरकाप इथे सारखा येतो. त्यात बोटं नाही, मनगट फिरतं. बोटांनी केला तर मिनिटभरात हात आखडेल. दुसरं म्हणजे पेडल. सूर जुळवायला उजवं पेडल दाबून ठेवायचा मोह होईल. आधीच लहरणाऱ्या तारांवर पेडल म्हणजे चिखल. सुरुवातीला पाय जमिनीवर ठेवा.

उजव्या हाताचा एक खास दागिना तुम्हाला सहज जमेल. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर एकाच बोटाने घसरायचं, कोमल इतका निसटता की ऐकू येतो न येतो. सी मध्ये काळीवरून पांढरीवर बोट आपसूक घसरतं. एफ आणि जी मध्येही तसंच, डी मध्ये मात्र उलट होतं, पांढरीवरून काळीवर चढावं लागतं आणि ते एका बोटाने होत नाही. या वादनात सी, एफ, जी वारंवार दिसतात त्यामागे हीही सोय आहे. फक्त मींड समजून त्याला लांबवू नका. तिथे थांबलात की ठेका गेला.

प्रश्न : रॅगटाइम, बूगी-वूगी आणि हॉन्की-टॉन्क यांत फरक काय? (वाचक, डिचोली)

रॅगटाइम लिहिलेलं संगीत आहे. स्कॉट जॉपलिन यांची 1899 पासूनची छापील स्वरलेखनं तशीच्या तशी वाजवायची, आणि ती फार वेगात वाजवू नयेत असं त्यांनी स्वतःच बजावलं आहे. बूगी-वूगीत डावा हात उड्या मारत नाही, खर्जात एकच फिरता तुकडा घोटत राहतो, बहुधा ब्लूजच्या 12 आवर्तनांवर. मीड लक्स लुइस यांचं 1927 चं ध्वनिमुद्रण त्याचा नमुना. त्याच्या नावात हॉन्की-टॉन्क आहे, तेव्हा सीमारेषा किती पुसट आहेत ते दिसतंच. आज हॉन्की-टॉन्क म्हटलं की दोन्हींतलं उचललेलं, लहरत्या तारांवर वाजवलेलं, मोकळंढाकळं वादन डोळ्यांसमोर येतं. त्याला दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत नेणाऱ्यांत विनिफ्रेड ॲटवेल यांचं नाव मोठं. त्रिनिदादच्या, रीतसर शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या. मैफलीचा पियानो वाजवून झाला की त्या आपल्या ‘दुसऱ्या’ पियानोकडे वळत, लंडनच्या बॅटर्सी भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून 50 शिलिंगांना घेतलेल्या. हात कसलेला असला की मोडका पियानो शोभतो, उलट होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. त्यातला हॉन्की-टॉन्क आवाज खेळण्यासारखा वाटतो. सुधारता येईल? (वाचक, म्हापसा)

येईल. 1991 मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या कीबोर्डांच्या आवाजांच्या सामायिक यादीत हा आवाज चौथ्या क्रमांकावर आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कीबोर्डात सापडतो. स्वस्त वाद्यांत तो एकाच पियानोचे दोन थर किंचित वेगळ्या सुरात लावून केलेला असतो, सगळीकडे सारख्याच फरकाने. म्हणून वर किरकिर आणि खाली गढूळपणा.

कीबोर्डावर दोन आवाज एकत्र लावायची आणि प्रत्येकाचा सूर बारीक हलवायची सोय असेल तर स्वतः बांधा. पहिला थर साधा पियानो, सुरात. दुसरा थर वेगळ्या पियानोचा, 8 सेंट वर, आवाज पहिल्यापेक्षा थोडा कमी. तोच पियानो दोनदा घेतला तर पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येतो. कीबोर्डाचे भाग पाडता येत असतील तर मधल्या सीच्या खालच्या सप्तकापासून पुढेच दुसरा थर लावा. कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) बंद, रीव्हर्ब (घुमारा) जवळपास शून्य. पट्टीचा प्रतिसाद ‘हार्ड’वर असेल तर ‘सॉफ्ट’वर आणा, म्हणजे हलक्या हातालाही आवाज कडक निघेल.

प्रश्न : पावसाळ्यात हा प्रयोग करावा का? आमच्या पियानोच्या पट्ट्या जूनपासून चिकटतात. (वाचक, वास्को)

जून ते सप्टेंबर ट्यूनरला बोलावू नका. दमट हवेत आतला लाकडी पडदा फुगतो, तारा ज्यावर टेकतात ती घोडी वर उचलली जाते आणि सूर चढतो, मधल्या भागात सर्वांत जास्त. मजा अशी, की एका पट्टीच्या तिन्ही तारा जवळपास सारख्याच चढतात, त्यामुळे तुम्ही मोजून ठेवलेली लहर बरीचशी तशीच राहते. बिघडतात ती सप्तकांची नाती. म्हणून लावायचं ते पाऊस ओसरून हवा बसल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास.

चिकटणाऱ्या पट्टीत खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका. तेलाने नमदा फुगतो, धूळ धरतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट चिकटतो. पियानो बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या भिंतीकडे न्या आणि मागे वीतभर जागा सोडा. पियानोच्या खालच्या कप्प्यात बसवायची कमी वॅटची गरम दांडी मिळते, ती पावसाळाभर चालू ठेवावी. साधा बल्ब लावायची जुनी पद्धत आगीच्या भीतीने आम्ही सुचवत नाही. नमद्याला कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा वरचं झाकण उघडून टॉर्चने पाहा.

प्रश्न : मांडो आणि दुलपद ही आपली कोंकणी गीतं या ढंगात वाजतील? (वाचक, बार्देश)

दुलपद झकास वाजतं. सहा मात्रांत खर्जाचा सूर पहिलीला आणि चौथीला, वरचा समूह तिसरीला आणि सहावीला. दुसरी आणि पाचवी मोकळी सोडली की उसळी येते. मांडोला मात्र हात लावू नये असं आमचं मत. त्याच्या संथ चालीत व्हायोलिनचा लांब सूर सगळं धरून ठेवतो, आणि लहरणाऱ्या तारा त्या सुराशी भांडतात. व्हायोलिनवाला हजर असेल तर तो पियानोच्या कुठल्या तारेला सूर मिळवायचा म्हणून दर ओळीला अडेल. दुलपदालाही तो सोबत असेल तर त्याला सूर देताना डावी-मधली तार मोकळी ठेवून उजवी पाचरीने मुकी करा आणि मगच ए वाजवून दाखवा.